थानच्या भिंतीवरचा सूर्य

"साहेब थानपुढून गेलेऽऽ!"

चिंगफांगच्या जुन्या कचेरीत जे लहानाचे मोठे झाले, त्यांच्या कानात ही हाक अजून आहे. त्यांच्यातले आता उरलेत किती, हा प्रश्न वेगळा. गेंग पेइलानच्या कानात तर तिने घरच केलं होतं. कोबी चिरताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना ती आपसूक ओठांवर यायची. शेजारीण विचारायची, "काकू, कोणाला हाक मारताय?" पेइलान म्हणायची, "कोणाला नाही गं. आजोबांची सवय."

हाक तिच्या आजोबांची. बादशहाच्या काळात कचेरीत जिल्ह्याचा न्यायाधीश राहायचा आणि आजोबा तिथे पोरवयात दारावर लागले. मुख्य दाराच्या आत एक आडभिंत होती. आत येणाऱ्याला तिची कोरी पाठ दिसायची. बाहेर पडणाऱ्याला मात्र तिच्या तोंडासमोरूनच जावं लागे, आणि त्या तोंडावर एक जनावर रंगवलेलं होतं. अंगावर खवले, पायांना बैलाचे खूर, सिंहाची शेपूट. पायाखाली सोन्याच्या लगडी, पोवळी, अमर करणारी अळंबी, सिद्धपुरुषांच्या जादूच्या वस्तू. जगात मिळण्यासारखं सगळं त्याला मिळालेलं, तरी मान वर वळलेली, जबडा वासलेला आणि डोळे भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातल्या सूर्यावर. तोही त्याला गिळायचा होता. जुन्या पोथ्यांत लोभाला जो शब्द आहे तेच त्याचं नाव, थान.

साहेब कचेरीबाहेर निघाले की ते थानपुढून गेल्याचं दारवानाने मोठ्याने सांगायचं, असा रिवाज होता. पुढे बाजारात गेल्यावर काय करायचं नाही, हे साहेबांच्या कानावर पडलेलं बरं. साहेब ऐकत किती आणि सोडून देत किती, ते आजोबांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "माझं काम हाक द्यायचं. ऐकायचं काम त्यांचं."

मग बादशहा गेला, न्यायाधीश गेले, जपानी आले आणि गेले, नवं सरकार आलं. कचेरीत लहान लहान खोल्या काढून त्यांत कुटुंबं राहायला आली. आजोबांचा पगार कधीच थांबला होता, हाक मात्र थांबली नाही. दाराशी घडीव दगडाची त्यांची बैठक होती. तिच्यावर बसून ते बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला हाक द्यायचे. पाणी आणायला निघालेल्या बायका साहेब, कोळसेवाला साहेब, शाळेला निघालेली शेंबडी पोरं साहेब. पोरांसाठी त्यांनी आणखी एक नियम काढला होता. भिंतीपुढे थांबायचं, दोन्ही तळहात उघडून दाखवायचे आणि मग जायचं. अंगणातलं लाल बोरांचं झाड सगळ्या बिऱ्हाडांचं होतं ना, म्हणून.

पेइलानचा थोरला भाऊ रुइशान यात पहिल्यापासून तरबेज. हात कोरे करकरीत दाखवायचा आणि बोरं गालात भरायचा. एके दिवशी त्याचे गाल इतके टम्म, की आजोबांनी बसल्या जागी कान पकडला.

"तोंड उघड."

रुइशानने मान हलवली.

"उघड म्हणतो ना! लोकहो, बघा रे, थान भिंतीवरून उतरला आणि शाळेला चालला!"

अख्खं अंगण हसलं. रुइशानलाही हसू फुटलं आणि सगळी बोरं आजोबांच्या मांडीवर सांडली. आजोबांनी त्यातली एक पुसून पेइलानला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि म्हणाले, "आता रिकामा आहेस. जा. संध्याकाळी लवकर ये." तेव्हापासून रोज हात दाखवून झाले की रुइशान वाघासारखा जबडाही उघडून दाखवायचा. पेइलानला तिचं सगळं लहानपण त्या एका उघड्या तोंडात दिसायचं.

आता कचेरीची डागडुजी होऊन रविवारी ती लोकांसाठी उघडणार होती. हाक येणारी जिल्ह्यात एकच व्यक्ती उरली आहे हे डागडुजीच्या समितीला कुठून तरी कळलं आणि माणसं पेइलानच्या दारात आली. "बाई, उद्घाटनाला हाक तुम्हीच द्यायची." पेइलानला इतका आनंद झाला की त्यांना चहा विचारायचंही राहून गेलं.

पण भिंत बघायला गेली आणि ती जागच्या जागी थबकली.

चित्रकार पोरगी, शान यिंग तिचं नाव, परांचीवर चढून थानच्या मिशा रंगवत होती. जनावर जवळजवळ पूर्ण झालं होतं. वरच्या कोपऱ्यात मात्र सूर्याच्या जागी गोल खड्डा होता. भिंतीवरचा बाकी सगळा रंगाऱ्याचा मामला, सूर्य तेवढा वेगळा. भट्टीत भाजलेली, लाल झिलईची मोठी गोल वीट भिंतीत बसवलेली असायची.

"सापडलीच नाही, मावशी," शान यिंग खाली उतरत म्हणाली. "मी प्लास्टरची करते. तुम्ही सांगा कशी होती."

"लाल. पण सगळीकडे सारखी लाल नव्हे. डाव्या बाजूला जरा काळपट, भट्टीत जास्त शेकल्यासारखी. कडेला ढगांची नक्षी. आणि खालच्या अंगाला नखाएवढा टवका गेलेला."

"अगंबाई! काल बघितल्यासारखं आठवतंय तुम्हाला."

काल नव्हे, गेल्या रविवारी बघितली होती. रुइशानच्या अंगणात. पेइलानने घसा खाकरला आणि पायाखालची माती बघत उभी राहिली.

झालं होतं असं. रुंद रस्त्यासाठी अर्धी कचेरी पाडली, तेव्हा आडभिंतही जाणार असं ठरलं होतं. रुइशान तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मोठा साहेब. त्याने एक हातगाडी आणली, सूर्य छिन्नीने सोडवला, आजोबांची दगडी बैठक उचलली आणि दोन्ही घरी नेलं. बुलडोझर फाटकात घरघरत होता. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि भिंत वाचली. तोवर सूर्य रुइशानच्या अंगणात माशांच्या रांजणामागे बसला होता, समोर बैठक. दर रविवारी पेइलान जेवायला जायची तेव्हा तो म्हणायचा, "ये लान, बस आजोबांच्या मांडीवर." ती बसायची. पाठीला ऊन, समोर सूर्य, मधे सोनेरी मासे. आईबाप गेले, नवरा गेला, मुलगी दूर शेनजेनला. त्या दगडावर बसलं की पेइलानला आपण कोणाची तरी आहोत असं वाटायचं. म्हणून तर इतकी वर्षं ती एका शब्दाने बोलली नव्हती.

आणि रुइशानचा त्या सूर्यावर हक्कही काही कमी नव्हता. तो त्याने एकदा नव्हे, दोनदा वाचवला होता. जुन्या वस्तू फोडत पोरांच्या टोळ्या गावभर फिरत होत्या तेव्हाची गोष्ट. रुइशानच्या दंडालाही लाल पट्टी होती. एका दुपारी तो धापा टाकत घरी आला. "आजोबा, उद्या इथे येणार आहेत. हातोडे घेऊन." आजोबा उठले, चुना कालवला आणि भिंत पांढरी करायला लागले. आधी खूर, मग खवले, मग जबडा. सूर्यापाशी आले आणि त्यांचा हात चालेना. डोळ्यांत चुना गेला म्हणाले. रुइशानने त्यांच्या हातातला कुंचला घेतला, शिडीवर चढला आणि सूर्य स्वतः झाकला. दुसऱ्या दिवशी टोळी आली, कोऱ्या भिंतीवर एक घोषणा खरडली आणि गेली.

त्यानंतरही आजोबा बैठकीवर बसायचे. आवाज काढायची सोय नव्हती, नुसते ओठ हलायचे. अंगणातली माणसं पांढऱ्या भिंतीपुढे आपोआप पावलं हळू करायची आणि पोरं तळहात उघडायची. आजोबा गेले तेव्हा भिंत पांढरीच होती. थान पुन्हा दिसलेला त्यांना बघायला मिळाला नाही, हे पेइलानला अजून सलतं.

तर सगळा गुंता हा असा. सूर्य कुठे आहे ते समितीला सांगावं, तर गावात भावाची छीःथू होणार. माजी साहेबाने कचेरीतला सूर्य पळवला, म्हणजे लोकांना वर्षभराची करमणूक. न सांगावं, तर त्याच भिंतीसमोर उभं राहून आजोबांची हाक द्यायची कोणत्या तोंडाने?

ती रविवारची वाट न बघता दादाकडे गेली. वहिनीने पातीच्या कांद्याच्या, डुकराच्या खिम्याच्या करंज्या उकडायला टाकल्या होत्या. अंगणातच टेबल मांडलं होतं. रुइशान खुशीत होता.

"काय साहेब, हाक पाठ झाली का? सगळं गाव म्हणतंय, गेंगांची म्हातारी गाणार आहे."

"दादा, भिंतीला सूर्य नाही."

"रंगवतील की! ती पोरगी हुशार आहे असं तूच सांगत होतीस."

"खरा असताना खोटा कशाला?"

रुइशानने हातातल्या जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. "मी नसतो तर खरा कुठे असता? रस्त्याच्या भरावात. तू होतीस तिथे?"

"होते ना. तू गाडी पुढून ओढत होतास, मागून धक्का मीच देत होते. माझी नवी चप्पल तुटली होती त्यात."

वहिनी हसली. रुइशान हसला नाही.

"माझ्या हाताने झाकला, माझ्या हातांनी काढला. चाळीस खोल्यांतला एक माणूस पुढे आला नव्हता. आणि आता ह्यांना तिकीट लावून माणसं जमवायचीत, म्हणून मी द्यायचा?"

"वाचवलास तू. कोण नाही म्हणतंय? पण वाचवणं कधीच झालं, दादा. आता नुसतं ठेवून घेणं चाललंय."

"म्हणजे चोर मी."

"मी तसं म्हटलं का?"

"मग तोच शब्द म्हण ना! आजोबांचा लाडका शब्द! म्हण, थान म्हण!"

त्या शब्दावर रुइशान असा उसळायचा याला जुनं कारण होतं. गरीब शेतकऱ्याचं पोर असणं हा ज्या काळी सगळ्यांत मोठा मान, त्या काळात शाळेत त्याला फळ्यावर आपल्या घराण्याबद्दल लिहायला सांगितलं. आजोळ खरंच फाटकं होतं, तेव्हा अडचण काहीच नव्हती. पण गरीब हा शब्द आणि थान हा शब्द चिनी लिपीत लिहायला सख्ख्या भावांसारखे, वरचे दोन फटकारे काय ते वेगळे. रुइशानने झोकात लिहिलं, 'आम्ही लोभी शेतकऱ्यांची लेकरं.' गुरुजी पांढरेफटक पडले आणि त्यांनी बाहीने फळा पुसला. गावभर बभ्रा झालाच. रुइशान घरी येऊन रडला. आजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी दोन्ही शब्द धुळीत काढायला लावले, बराच वेळ बघितले आणि विचारलं, "यातला माझा कुठला रे?" सगळे हसले, पण रुइशानच्या मनातून ते काही गेलं नाही. पुढे नोकरीत त्याने कोणाचं फुकट चहाचं पाकीटसुद्धा घेतलं नाही. लोक कौतुक करायचे. पेइलानला मात्र माहीत होतं की त्याच्या मागे तो फळा उभा आहे.

तिचा आवाज आता खाली आला. "आजोबा म्हणायचे तेव्हा तू हसायचास."

"आजोबा म्हणायचे तेव्हा माझ्या तोंडात बोरं असायची."

"आता सूर्य आहे."

रुइशान उठला, रांजणापाशी गेला, सूर्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ आजोबांसारखीच वाकायला लागली आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"तो गेला तर इथे काय उरतं, लान?" तो मान न वळवता म्हणाला. "हे घर काय, कुठलंही घर. सकाळी उठून मी त्याच्याकडे बघतो आणि मला वाटतं, आत्ता हाक येईल. तू तरी तुझ्या तोंडात हाक घेऊन फिरतेस. माझ्याकडे तर तेवढंच आहे."

पेइलानला रडू आलं. आपणही दर रविवारी तेच तर करायला इथे येतो, हे तिला सांगायचं होतं, पण ती उठून निघाली. वहिनीने करंज्या डब्यात भरून दिल्या आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "मी म्हणते, नेऊ दे एकदाचं. दर नव्या वर्षाला घासून पुसायला मलाच लागतं. पण त्यांना कोण सांगणार? दोन दिवस बोलणार नाहीत आता."

घरी आल्यावर तो डबा पेइलानने उघडला नाही. आपण दादाला नको ते बोललो, असं तिला वाटत राहिलं. आणि बोललो ते खोटं नव्हतं, असंही वाटत राहिलं. तिला आणखी एक गोष्ट आठवली. उपासमारीची वर्षं आली, बोरांच्या झाडाची सालसुद्धा लोकांनी शिजवून खाल्ली, तेव्हा आजोबांनी हाक बंद केली होती. पोरं तळहात दाखवायची, तर ते तोंड फिरवून घ्यायचे. पेइलानने विचारलं होतं, का हो? ते म्हणाले होते, "भुकेल्या माणसाला लोभी म्हणायचं नसतं, बाळा." दादाला कसली भूक आहे ते आज तिला दिसलं होतं, आणि तरी तिने त्याला थान म्हटलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती शान यिंगकडे गेली आणि म्हणाली, "माझ्याच्याने हाक होणार नाही. घसा बसलाय."

"बोलताय तर छान!"

"बोलायला जमतं. हाकेला जमत नाही."

पोरगी गुणी. तिने जास्त विचारलं नाही, कुठून तरी खडीसाखर घालून उकडलेलं नासपतीचं फळ आणून दिलं. "हे खा, घसा रविवारपर्यंत मोकळा होईल. नाहीच झाला तर नुसत्या उभ्या राहा. आणि हे बघा, सूर्य बसवला." पेइलानने वर बघितलं. प्लास्टरचा सूर्य गोल होता, लाल होता, कडेला ढगही होते. टवकासुद्धा पाडला होता. जत्रेत मांडलेल्या नव्या ताटलीसारखा दिसत होता तो. "छान झालाय," पेइलान म्हणाली आणि घाईघाईने निघाली.

रविवारी कचेरीपुढे ही गर्दी. ढोल, झांजा, लाल कापडं, तिळाच्या भाकऱ्या भाजणारे, साखरेत घोळवलेली फळं काड्यांना टोचून विकणारे. जिल्ह्याचे बडे साहेब पुढच्या खुर्च्यांवर. बेत असा होता की साहेब आत फिरतील आणि मग एकेक करून थानपुढून बाहेर पडतील. पेइलान भिंतीच्या कडेला, जिथे आजोबांची बैठक असायची तिथे, उभी होती. बैठकीच्या जागी जमिनीत चौकोनी खड्डा राहिला होता. कोणी पडू नये म्हणून त्यावर फळी टाकली होती. आपण वेळीच पळून जावं की काय, असं तिच्या मनात घोळत होतं.

तेवढ्यात फाटकात कल्ला झाला. एक विजेवरची तीनचाकी थेट लोकांत घुसली होती. चालवत होती वहिनी! मागच्या हौद्यात रुइशान, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, आणि त्याच्या पायाशी दोरांनी बांधलेली दगडी बैठक. मागून दोन शेजारी धक्का देत घामाघूम झाले होते.

"बाजूला व्हा, बाजूला! मालाला धक्का लावू नका!" वहिनी ओरडत होती. तिला आयुष्यात एवढं महत्त्व कधी मिळालं नव्हतं.

रुइशान उतरला. गोधडी दोन्ही हातांनी छातीशी धरून दारातून आत आला आणि भिंतीच्या कोऱ्या पाठीपाशी थबकला. कान लाल झाले होते. समोर सगळं गाव, साहेब, समिती. बहीण दोन पावलांवर. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही.

"दे हाक," तो पुटपुटला. "दे एकदाची. सगळ्यांसमोर दे."

"आत येताना हाक देत नाहीत," पेइलान म्हणाली. "विसरलास?"

त्याने मान वर केली. मग हळूहळू चालत भिंतीला वळसा घातला आणि थानच्या तोंडासमोर आला. शान यिंग धावत आली, गोधडीचं टोक उचलून बघितलं आणि पोरीने तोंडावर हातच ठेवला.

"काका, हा कुठे मिळाला तुम्हाला?"

समितीतल्या एकाने मदतीला यावं तसं म्हटलं, "गेंगसाहेबांनी शोधून आणला असेल. यांचे आजोबाच इथले..."

"शोधला नाही," रुइशान म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या खुर्च्यांपर्यंत गेला. "माझ्याकडेच होता. ठेवून घेतला होता."

रुइशानने जोडे काढले आणि शिडीवर पाय ठेवला. कोणीतरी म्हणालं, तुम्ही नका, आम्ही चढतो. त्याने ऐकलं नाही. शान यिंगने प्लास्टरचा सूर्य काढून घेतला आणि त्याने खरा, काळपट बाजू डावीकडे करून, टवका खाली करून, जागेवर बसवला. बाहीने पुसला. शेजाऱ्यांनी फळी काढून बैठक तिच्या खड्ड्यात सोडली. तीही बरोबर बसली. वासलेला जबडा आणि सूर्य यांच्यामध्ये पूर्वी होतं तेवढंच अंतर पुन्हा पडलं, आणि पेइलानला एकाएकी अंगणात भाकऱ्यांचा धूर, कोळशाचा वास, नळावरची भांडणं सगळं पुन्हा जाणवू लागलं.

आता बड्या साहेबांनी निघायची पाळी होती. समितीवाला त्यांना पुढे घेऊन येत होता. पण रुइशान शिडीवरून उतरून जोडे न घालताच चालू लागला होता. तीनचाकी रस्त्याच्या मधोमध उभी होती ना, ती हलवायला. रिकामी गोधडी खांद्यावर टाकून तो थानसमोरून दाराकडे निघाला.

पेइलान आजोबांच्या बैठकीवर बसली. घसा बसलेला नव्हताच.

"साहेब थानपुढून गेलेऽऽ!"

हाक दारावरून, तिळाच्या भाकऱ्यांवरून, पार रस्त्यापलीकडे गेली. गर्दीतल्या एकदोन म्हाताऱ्यांनी नकळत आपले तळहात उघडले.

रुइशान थांबला. वळला. गोधडी खाली पडू दिली आणि दोन्ही हात पुढे करून तळवे उघडले. चुन्याने पांढरे झाले होते ते. पेइलान त्याच्याकडे बघत राहिली. मग साऱ्या गावासमोर, जिल्ह्याच्या बड्या साहेबांसमोर, त्या पिकल्या केसांच्या माणसाने मान मागे टाकून वाघासारखं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. मागच्या दाढासुद्धा राहिल्या नव्हत्या.

लोक हसले. तोही हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रिकामा आहेस," ती म्हणाली. "जा, दादा. संध्याकाळी लवकर ये."